पंचेंद्रियांची पंचायत

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



 या व्यासपीठावरून आजवर इतिहास, धर्म, व्यापार, शिक्षण अशा विषयांवर अधिकारी व्यक्तींची व्याख्याने झाली आहेत. माझा अधिकार तेवढा मोठा नाही. मी हयातभर वैद्यकीय महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना शरीरक्रियाशास्त्र शिकवले, आणि त्यापलीकडे माझी मिळकत नाही. तेव्हा ज्या शास्त्राशी माझा नित्याचा सहवास घडला, त्यातलाच एक विषय मी आज आपल्यापुढे मांडणार आहे. डोळा, कान, त्वचा इत्यादी इंद्रिये ज्या निरनिराळ्या वार्ता आणून देतात, त्या मेंदू एकत्र कशा करतो, हा तो विषय होय. ज्ञातीच्या मेळाव्यात हा विषय कशासाठी, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर मी उत्तरार्धात देणार आहे. आणि ते देताना आमच्या घरातील एक गोष्ट, जी आम्ही पुष्कळ वर्षे झाकून ठेवली, ती सांगणार आहे.

प्रारंभ आपल्यापासूनच करू. या क्षणी आपण काय करीत आहात, असे विचारले तर आपण म्हणाल, 'व्याख्यान ऐकत आहोत.' हे उत्तर निम्मेच खरे आहे. आपण माझे व्याख्यान पाहतही आहात. माझे ओठ केव्हा मिटतात, केव्हा उघडतात, जबडा किती खाली येतो, याची नोंद आपला डोळा आपल्याला न सांगता घेत आहे आणि ती कानाच्या मदतीस धाडीत आहे. गोंगाटात बोलणाऱ्याचा चेहरा दिसत असला तर शब्द पुष्कळ अधिक समजतात, हे १९५४ साली अमेरिकेत सम्बी आणि पोलॅक या दोघा संशोधकांनी प्रयोगाने दाखवले. आपणा सर्वांस त्याचा पडताळा अलीकडेच आला आहे. २०२०-२१ च्या साथीत प्रत्येकाच्या तोंडावर मुखपट्टी आली, आणि ज्यांना आपण कमी ऐकतो याची कल्पनाही नव्हती असे पुष्कळ वृद्ध गृहस्थ 'अहो, जरा मोठ्याने बोला' असे म्हणू लागले. त्यांचे कान त्या वर्षात बिघडले नव्हते. कानाला इतके दिवस आधार देणारा डोळा तेवढा बाजूला झाला होता.

याहून नवलाची गोष्ट १९७६ साली प्रसिद्ध झाली. हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनाल्ड हे इंग्लंडमधील दोन मानसशास्त्रज्ञ. त्यांनी एका व्यक्तीचे 'गा' असे उच्चारतानाचे चित्र घेतले आणि त्यावर 'बा' या उच्चाराचा ध्वनी बसवला. पाहणाऱ्या बहुतेक प्रौढांना 'बा' ऐकू आले नाही आणि 'गा'ही ऐकू आले नाही. त्यांना ऐकू आले 'डा'. आपल्या वर्णमालेचा क्रम आठवा. 'ग' हा कंठातला, 'ब' हा ओठांवरचा, आणि 'ड' त्या दोहोंच्या मधल्या स्थानावरचा. कान म्हणतो ओठ, डोळा म्हणतो ओठ मिटलेलेच नाहीत. तेव्हा मेंदू दोघांनाही शक्य तितका न्याय देईल असा मधला वर्ण निवडतो. डोळे मिटले की पुन्हा 'बा' ऐकू येते. उघडले की पुन्हा 'डा'. हा परिणाम सर्वांना सारखाच जाणवतो असे नाही. परंतु ज्याला जाणवतो, त्याला ही सारी रचना समजावून सांगितल्यावरही तो टळत नाही. मेंदूतील हे एकत्रीकरण आपल्या संमतीची वाट पाहत नाही, एवढे यावरून सिद्ध होते.

इंद्रिये अनेक आणि अनुभव एक, हे कोडे आपल्या पूर्वजांनाही पडले होते. गौतमांच्या न्यायसूत्रांतील तिसऱ्या अध्यायाचा आरंभच या विचाराने होतो. जी वस्तू मी डोळ्यांनी पाहिली, तीच मी आता हाताने स्पर्शितो, असे आपण म्हणतो. डोळ्याला स्पर्श ठाऊक नाही आणि त्वचेला रूप ठाऊक नाही. मग 'तीच' हा शब्द कोण उच्चारतो? डोळा नव्हे, त्वचाही नव्हे; त्या दोहोंहून वेगळा असा कोणी ज्ञाता असला पाहिजे, असा नैयायिकांचा युक्तिवाद आहे. त्यावरून त्यांनी आत्म्याची सिद्धी केली. तो तत्त्वज्ञानाचा प्रांत आहे आणि तेथे मी पाऊल टाकणार नाही. परंतु प्रश्न त्यांनी अचूक हेरला होता, हे मान्य केलेच पाहिजे. शरीरक्रियाशास्त्राने त्यातला आपल्या वाट्याचा भाग उचलला, तो एवढाच: 'तीच' हे म्हणण्याची क्रिया मेंदूत कोठे आणि कशी घडते?

आपला मेंदू वजनाने सुमारे सव्वा ते दीड किलो भरतो आणि त्यात सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. दृष्टीच्या वार्ता त्याच्या पिछाडीस पोहोचतात, ध्वनीच्या कानशिलाच्या आतील भागात, स्पर्शाच्या माथ्यावरून दोन्ही बाजूंस उतरणाऱ्या एका पट्ट्यात. जणू प्रत्येक खात्याची कचेरी निराळ्या पेठेत. दीर्घकाळ अशी समजूत होती की ही खाती आपापले काम पुरे करतात आणि शेवटी कोठेतरी वरच्या कचेरीत सर्वांचे कागद एकत्र होतात. आज ती समजूत टिकलेली नाही. एकत्रीकरण अगदी खालच्या पायरीपासून चालू असते, असे आढळून आले आहे.

मेंदूच्या देठाच्या वरच्या टोकाशी दोन लहान उंचवटे आहेत. त्यांना सुपीरियर कॉलिक्युलस म्हणतात. एखाद्या दिशेला काही हालले अथवा वाजले की तत्क्षणी मान आणि डोळे तिकडे वळवणे, हे त्यांचे मुख्य काम. बॅरी स्टाइन आणि अॅलेक्स मेरेडिथ या संशोधकांनी १९८० च्या दशकात मांजरांच्या मेंदूतील या भागाचा कसून अभ्यास केला. तेथे त्यांना अशा चेतापेशी आढळल्या की ज्या प्रकाशालाही उत्तर देतात आणि आवाजालाही देतात. प्रकाश आणि आवाज एकाच ठिकाणाहून व जवळजवळ एकाच वेळी आले, तर पेशीचे उत्तर दोहोंपैकी कोणत्याही एकाच्या उत्तरापेक्षा मोठे येते; कित्येकदा तर दोहोंच्या बेरजेहूनही मोठे. ठिकाण निराळे झाले किंवा वेळेत फार अंतर पडले, तर ही वाढ मिळत नाही. पैलतीरावर कोणी कपडे आपटत असेल तर धोपटणे आधी दिसते आणि आवाज मागाहून येतो. हवेतील ध्वनी एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो, त्यामुळे चौतीस मीटरांवरून यायला त्याला सेकंदाचा दहावा भाग लागतो. एवढी तफावत मेंदू बहुधा पोटात घालतो. परंतु वीज आणि गडगडाट यांत काही सेकंदांचे अंतर पडले की त्या दोन निराळ्या घटना वाटतात.

या संशोधनातील एक निष्कर्ष माझ्या मते सर्वांत मोलाचा आहे. दोन्ही वार्ता जेव्हा स्पष्ट आणि जोरकस असतात, तेव्हा त्या एकत्र आल्याने होणारा लाभ प्रमाणाने थोडा असतो. वार्ता जितक्या क्षीण, तितका एकत्र येण्याचा लाभ मोठा. भर दुपारी अंगणात आलेला मनुष्य नुसत्या डोळ्याने कळतो. मध्यरात्री मात्र किंचित हाललेली सावली एकटी काही सांगत नाही आणि किंचित वाजलेले पान एकटे काही सांगत नाही. दोन्ही मिळून आपल्याला ताडकन उठवून बसवतात. दुर्बळांनी एकत्र यावे, हे तत्त्व ज्ञातिसंस्थांनी सांगण्याच्या पुष्कळ आधी निसर्गाने अमलात आणलेले आहे.

परंतु साक्षीदारांत मतभेद झाला तर? आपल्या जुन्या पंचांपुढे दोन साक्षीदार आले, तर पंच डोकी मोजीत नसत. कोणी उजेडात पाहिले, कोणी अंधारात, कोण जवळ होता, कोण दूर, हे विचारून ज्याच्या त्याच्या साक्षीला वजन देत. मेंदूची रीत हीच आहे. २००२ साली मार्क अर्न्स्ट आणि मार्टिन बँक्स यांनी एक प्रयोग केला. एका वस्तूची उंची किती, हे माणसांनी डोळ्याने पाहून आणि त्याच वेळी बोटांनी चाचपून सांगायचे, असा तो प्रयोग. डोळ्याला मिळणारे चित्र स्पष्ट असेतोवर निर्णय डोळ्याकडे झुकत असे. चित्र मुद्दाम अस्पष्ट करत नेले, तसतसे पारडे हाताकडे कलू लागले. ज्याची वार्ता जेवढी भरवशाची, तेवढे तिला वजन, या गणिती नियमाला माणसांचे उत्तर अतिशय जवळचे निघाले. असा हिशेब आपल्या प्रत्येकाच्या मस्तकात क्षणोक्षणी चाललेला आहे, आणि आपल्याला त्याची वार्ताही नसते.

आपण शब्दभ्रमाचे प्रयोग पाहिले असतील. यशवंत पाध्ये यांनी रंगमंचावर आणलेला आणि पुढे त्यांचे चिरंजीव रामदास पाध्ये यांनी घरोघर पोहोचवलेला अर्धवटराव महाराष्ट्रात कोणास ठाऊक नाही? तो बोलतो असे आपल्याला शपथेवर वाटते. वस्तुतः कलावंत आवाज फेकत नाही. आवाज फेकता येतच नाही. तो आपले ओठ स्थिर ठेवतो आणि बाहुल्याचे तोंड हलवतो. आवाज कोठून आला हे ठरवण्यात कान थोडा कच्चा आहे आणि डोळा पक्का. म्हणून मेंदू डोळ्याचे मानतो आणि आवाज बाहुल्याच्या तोंडी घालतो. २००४ साली अॅलिस आणि बर यांनी दाखवले की दिसणारी खूण पुरेशी पुसट केली तर ही सत्ता उलटते, आणि मग कान सांगेल तेथे डोळ्याला जावे लागते. डोळ्याचे राज्य वंशपरंपरेचे नाही. ते त्याच्या साक्षीच्या दर्जावर टिकून आहे.

कधी कधी मात्र पंचांना निर्णयच करता येत नाही. घाटात गाडी लागते, ती यामुळेच. तोल सांभाळणारे इंद्रिय कानाच्या आत खोलवर असते. त्याला आपण पंचेंद्रियांत गणत नाही, पण त्याच्यावाचून दोन पावले चालता येणार नाहीत. वळणावळणाच्या रस्त्यावर कोणी खाली मान घालून वाचू लागला, तर आतला कान ओरडून सांगतो की आपण डावी-उजवीकडे झुलत आहोत. डोळा सांगतो की पुस्तक तर जागच्या जागी आहे. या विसंवादाने पोटात ढवळते. पुढच्या काचेतून दूरवर पाहा, असे जाणती माणसे सांगतात, याचे इंगित हेच की त्यामुळे डोळा आणि आतला कान यांची साक्ष पुन्हा जुळते.

आता मी विषयाच्या गाभ्याकडे येतो. ही जी एकत्र करण्याची विद्या, ती आपण जन्मतः घेऊन येतो की पुढे शिकतो?

१६८८ साली आयर्लंडमधील विल्यम मॉलिनो या विद्वानाने जॉन लॉक या तत्त्वज्ञास एक प्रश्न पत्राने विचारला. जन्मांध मनुष्याला घन आणि गोल हे दोन आकार हाताने ओळखता येतात. त्याला एकाएकी दृष्टी आली, तर हात न लावता, नुसते पाहून, कोणता घन आणि कोणता गोल हे तो सांगू शकेल काय? स्वतः मॉलिनोचे आणि लॉकचेही उत्तर नकारार्थी होते. पुढे सव्वातीनशे वर्षे या प्रश्नावर विद्वानांनी वाद घातला. त्याचा प्रायोगिक निर्णय लागला तो आपल्या भारतभूमीत. प्राध्यापक पवन सिन्हा हे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यापीठात मेंदूविज्ञान शिकवतात. भारतात जन्मतः मोतीबिंदू असलेली, पण उपचाराविना वाढलेली मुले पाहून त्यांनी 'प्रकाश' नावाचा उपक्रम सुरू केला. मुलांना दृष्टी मिळावी, आणि त्यातून शास्त्रालाही काही कळावे, असा त्याचा दुहेरी हेतू. २०११ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ ते सतरा वर्षे वयाच्या पाच मुलांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. शस्त्रक्रियेनंतर लगेच या मुलांना दोन आकारांतील फरक डोळ्याने कळत होता, हाताने कळत होता. परंतु आत्ता हाताने चाचपलेला आकार यांपैकी कोणता, हे पाहून सांगताना त्यांची उत्तरे केवळ अंदाजाने दिल्यासारखी होती. लॉकचे म्हणणे खरे ठरले. मात्र पुढची गोष्ट अधिक आनंदाची. काही दिवसांतच, कोणी मुद्दाम न शिकवता, त्यांना हा मेळ साधू लागला.

म्हणजे हा मेळ उपजत मिळत नाही. डोळ्याने पाहावे, हाताने धरावे, कानाने ऐकावे, आणि हे सारे एकाच वेळी पुनःपुन्हा घडावे, तेव्हा तो जुळतो. खुळखुळा हलवणारे आणि तो तोंडात घालणारे तान्हे मूल आपल्याला खेळताना दिसते. वास्तविक ते दिसणे, वाजणे, लागणे आणि चव यांची गाठ मारीत असते. ही विद्या पुरी व्हायला वेळही फार लागतो. डोळ्याची आणि हाताची साक्ष प्रौढांप्रमाणे तोलून एकत्र करणे मुलांना आठ ते दहा वर्षांच्या वयापर्यंत साधत नाही, असे इटलीतील मोनिका गोरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली दाखवून दिले.

परंतु या शिक्षणाला मुहूर्त असतो, आणि तो टळला तर सर्व काही भरून येतेच असे नाही. मघाशी ज्या मांजरांचा उल्लेख केला, त्यांतील काही पिले जन्मापासून अंधारात वाढवली. ती मोठी झाल्यावर त्यांच्या पेशी प्रकाशाला उत्तर देत, आवाजालाही देत. पण दोन्ही एकत्र आल्यावर जी वाढ दिसावी, ती दिसेना. जर्मनीतील संशोधकांनी जन्मतः मोतीबिंदू असलेल्या काही व्यक्ती तपासल्या. आयुष्याचे निदान पहिले पाच महिने त्यांनी स्पष्ट दृष्टीविना काढले होते, आणि पुढे शस्त्रक्रियेने दृष्टी मिळाली होती. मोठेपणीही ओठांची हालचाल आणि आवाज यांची सांगड घालण्यात त्या व्यक्ती इतरांच्या मागे असल्याचे २००७ साली आढळले. तिसरे उदाहरण बधिर मुलांचे. कानाच्या आत बसवायचे एक विद्युत्‌यंत्र असते, त्याला कॉक्लिअर इम्प्लांट म्हणतात. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मॅकगर्कचा 'बा-गा-डा' हा प्रयोग अशा मुलांवर केला गेला. ज्यांना हे यंत्र अडीच वर्षांच्या आत बसवले होते, त्यांच्यापैकी अनेकांना डोळा आणि कान यांचा मेळ घालता येत होता. ज्यांना अडीच वर्षांनंतर बसवले, त्यांच्या कानात आवाज पोहोचत होता, परंतु हा मेळ सहसा बसत नव्हता.

बंधुभगिनींनो, आता मी आमच्या घरातील गोष्ट सांगतो.

१९५२ साली आमच्या घरी धाकटी बहीण जन्मली. ती माझ्याहून पाच वर्षांनी लहान. तीन वर्षांची झाली तरी ती बोलेना. आजी म्हणाली, 'आपल्या घराण्यात मुले उशिराच बोलतात.' तरीही शंका नको म्हणून घरच्यांनी परीक्षा केली. आम्ही माडीवर राहत असू; माडीची जमीन लाकडी. बहीण पाठमोरी बसली असता आईने पितळेची परात जमिनीवर टाकली. बहिणीने तत्काळ मागे वळून पाहिले. सर्वांचा जीव भांड्यात पडला. मुलीला ऐकू येते असे ठरले, आणि ती हट्टी आहे असेही ठरले.

ती परात तिने ऐकली नव्हती. लाकडी जमिनीतून आलेला हादरा तिच्या अंगाला जाणवला होता. वडील जिन्यावरून येत तेव्हा ती दाराकडे धावे, तेही पायऱ्यांच्या कंपनाने. आम्ही सर्वांनी माना वळवल्या की तीही वळवी. एक इंद्रिय बंद होते म्हणून उरलेल्या इंद्रियांनी त्याची पोकळी इतक्या कुशलतेने भरून काढली की आम्हांला ती पोकळी दिसलीच नाही. हाक मारली तरी येत नाही म्हणून त्या मुलीने मार खाल्ला. त्यातला काही माझ्या हातचा होता.

मात्र सर्वच अज्ञान होते, असे म्हणून मला सुटता येणार नाही. ती पाच-सहा वर्षांची झाली तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांना खरे काय ते कळून चुकले होते. परंतु थोरल्या बहिणीच्या लग्नाची बोलणी चालली होती. ज्ञाती लहान, घरे मोजकी, बातमी एका दिवसात सर्वत्र होणार. 'घरात मुके मूल आहे हे कळले तर स्थळ मोडेल,' या एका वाक्यापुढे वैद्याकडे जाण्याचा विषय मागे पडला. १९५९ साली लग्न झाले. वरपक्षाची मंडळी असेतोवर धाकटीला माडीवर ठेवले होते. मी तिला जेवणाचे ताट घेऊन गेलो. खाली चौघडा वाजत होता, आणि ती दोन्ही तळहात जमिनीला टेकून बसली होती.

१९६१ साली, ती नऊ वर्षांची असताना, घरी आलेल्या एका स्नेही डॉक्टरांनी तिच्या पाठीमागे उभे राहून हवेत एक लहानशी घंटा वाजवली. जमिनीला काही लागले नाही आणि ती वळली नाही. त्यानंतर तिला बधिरांच्या शाळेत घातले. तेथे ती लिहायला शिकली आणि मैत्रिणींकडून हातांच्या खुणांची भाषा शिकली. एका सुट्टीत घरी आल्यावर तिने पाटीवर मला एक प्रश्न लिहून विचारला: 'आपल्या मांजराचे नाव काय?' ते मांजर सहा वर्षे तिच्या मांडीवर बसत होते. त्याला नाव असते हे तिला ठाऊक नव्हते.

त्या काळी तिचे कान उघडण्याचे साधन कोणापाशीही नव्हते, हे खरे. पण भाषा तिला देता आली असती, आणि ती कित्येक वर्षे आधी देता आली असती. पुढे ती शिवणकामात निष्णात झाली, स्वतःच्या पायावर उभी राहिली, आणि आमच्या मुलांवर तिने आईसारखी माया केली. काही वर्षांपूर्वी ती गेली. मी जे शास्त्र पुढे आयुष्यभर शिकवले, त्याचा पहिला पाठ त्या माडीवर माझ्यासमोर होता आणि तो मला वाचता आला नाही.

आज परिस्थिती पालटली आहे. तान्ह्या मुलाच्या कानाजवळ एक लहानसे यंत्र धरून, ते झोपेत असतानाच, काही मिनिटांत श्रवणाची प्राथमिक तपासणी होते. एका महिन्याच्या आत तपासणी, तीन महिन्यांच्या आत निदान आणि सहा महिन्यांच्या आत उपाययोजना, असा या शास्त्रातील मान्य दंडक आहे. बाळाच्या बाहुलीत पांढरेपणा दिसला, तर एक दिवसही दवडू नये. जन्मजात मोतीबिंदूवर पहिल्या काही आठवड्यांतच इलाज व्हावा लागतो. मुलांतील असे दोष लवकर शोधण्यासाठी केंद्र सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली पालघर येथूनच सुरू झाला. मुंबईत वांद्रे येथे १९८३ पासून बधिरांसाठी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. खुणांच्या भाषेसाठी २०१५ साली नवी दिल्लीत स्वतंत्र केंद्र निघाले. ती भाषा म्हणजे हातवाऱ्यांची तडजोड नव्हे. तिला स्वतःचे व्याकरण आहे आणि मुलाचे मन वाढवण्याचे पूर्ण सामर्थ्य आहे. यंत्र असो की खुणा असोत, जे द्यायचे ते लवकर द्यावे, एवढेच शास्त्राचे सांगणे आहे.

म्हणून मंडळापुढे मी तीन विनंत्या ठेवतो. पहिली ही की दरवर्षीच्या या संमेलनाच्या दिवशी लहान मुलांच्या कानांची आणि डोळ्यांची तपासणी ठेवावी, आणि ज्या कुटुंबाला पुढील खर्च झेपणार नाही त्याला शिष्यवृत्ती निधीप्रमाणेच साहाय्य करावे. दुसरी विनंती वधूवर सूचक विभागास आणि त्याहून अधिक आपणा सर्वांस आहे. भावंडाला ऐकू येत नाही किंवा दिसत नाही, एवढ्यावरून कोणाचे स्थळ मोडू नका. स्थळ मोडण्याचे भय ज्ञातीने घातलेले आहे. ते ज्ञातीनेच काढून घेतले पाहिजे. ते भय आहे तोवर आई-बाप लपवीत राहतील, आणि लपवण्यात जी वर्षे जातात ती कोणतेही यंत्र परत आणून देत नाही.

तिसरी विनंती वृद्धांविषयी आहे. वयाबरोबर कान मंदावतो, डोळा मंदावतो, तळपायाची जाणीव बोथट होते. क्षीण झालेल्या साक्षीदारांना एकमेकांची गरज सर्वांत अधिक, हे आपण मघाशी पाहिले. आजोबांशी बोलताना पाठ फिरवून किंवा दुसऱ्या खोलीतून बोलू नका. उजेडात, समोर बसून, तोंड दिसेल असे बोला. रात्री आजी उठतात त्या वाटेवर एक लहान दिवा लावून ठेवा. अंधारात डोळ्याची साक्ष गेली की तोल सांभाळायला आतला कान आणि पाऊल हे दोघेच उरतात, आणि ते दोघेही थकलेले असतात. दिव्याला लागणारी वीज मोडलेल्या खुब्याच्या मानाने फार स्वस्त आहे.

अंधगजन्यायाची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. कोणी हत्तीची सोंड धरली, कोणी पाय, कोणी कान, आणि जो तो आपलेच खरे म्हणून भांडला. मला आता वाटते की त्या माणसांचे उणे डोळ्यांत नव्हते. प्रत्येकाच्या हाती सत्याचा एक तुकडा होता. ते तुकडे एकमेकांना सांगून जुळवायचे, एवढेच त्यांनी केले नाही. आमच्या घरातही प्रत्येकाला थोडे थोडे कळत होते. आम्ही ते एकमेकांशी बोललो नाही, आणि ज्ञातीशी तर मुळीच बोललो नाही. आज मी ते आपल्यापाशी बोललो आहे.